तारपा मेमरी कार्डात मावतो का?

मावतो, पण अर्धामुर्धा! लग्नाची, मुखवट्यांच्या बोहाड्याची, तारपा नाचाची घरातली कॅसेट मोबाइलवर किंवा खिशातल्या छोट्या प्लेअरवर बघता यावी म्हणून तिचं रूपांतर करतात. त्यात काय उरतं आणि काय गळतं याच्या गोष्टी भन्नाट आहेत, आणि त्या सांगायला जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या वांगणीचा परिसर अगदी योग्य. (कर्जत लोकलच्या वाटेवरचं वांगणी स्टेशन वेगळं. जव्हार-मोखाडा या तालुक्यांत रेल्वेचा रूळच नाही.) या पट्ट्यातल्या शूटिंगमध्ये भिंतीवरच्या लग्नचौकाच्या बारीक पांढऱ्या रेघा असतात, रात्रीच्या उजेडात नाचणारी सोंगं असतात आणि दोन नळ्यांतून एकाच वेळी घुमणारं तारपा हे वाद्य असतं. व्हिडिओ लहान करणाऱ्या तंत्राला नेमक्या याच तीन गोष्टी सर्वांत जड जातात.

पहिला घरगुती व्हिडिओ: बाळाला भरवताना

घरच्यांचं शूटिंग ही व्हिडिओ कॅमेऱ्याच्या काळातली हौस नव्हे. सिनेमाच जन्मला तो घरगुती चित्रफितींसकट! १८९५ मध्ये पॅरिसला ल्युमिएर बंधूंनी जे पहिले खेळ दाखवले, त्यात ऑग्युस्त ल्युमिएर आणि त्याची बायको आपल्या लहानग्या मुलीला भरवताहेत, अशी एक मिनिटापेक्षाही छोटी फीत होती.

आपल्याकडची गोष्ट तर वांगणीच्या आणखी जवळची. दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकला, ३० एप्रिल १८७० रोजी. त्र्यंबकहून मोखाड्यामार्गे जव्हारला रस्ता येतो, म्हणजे भारतीय सिनेमाचे जनक या डोंगराचे शेजारीच. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी घरीच कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या रोपाची वाढ फ्रेम-फ्रेम करून टिपली होती. कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यासारखी किचकट कामं सरस्वतीबाई फाळके करायच्या. पुढे ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये मुलगा भालचंद्र रोहिदास झाला आणि १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. घरची माणसं आणि घरची यंत्रं यांच्यावरच तो डोलारा उभा राहिला.

खिशातला पडदा

कॅसेट जशीच्या तशी खिशातल्या यंत्रात घालावी आणि बघावी, रूपांतराची भानगडच नको, हे १९८८ मध्येच शक्य झालं होतं. सोनीने ‘व्हिडिओ वॉकमन’ काढला. त्यात व्हिडिओ-८ ची छोटी कॅसेट थेट बसायची आणि समोर छोटा रंगीत पडदा. २००२ मध्ये आर्कोस या फ्रेंच कंपनीने हार्ड डिस्कवरचा व्हिडिओ दाखवणारं हातातलं यंत्र आणलं. ऑक्टोबर २००५ मध्ये ॲपलचा व्हिडिओ दाखवणारा आयपॉड आला. त्याचा पडदा अडीच इंचाचा, ३२० बाय २४० ठिपक्यांचा.

डोंगरात पोचला तो पडदा मात्र वेगळा: स्वस्त चिनी प्लेअर आणि कॅमेऱ्याचा मोबाइल. यातले अनेक प्लेअर ‘एमपी फोर’ म्हणून विकले गेले, पण एमपी फोर फाइल त्यांना चालतच नसे! त्यांना लागायची एएमव्ही नावाची फाइल, आणि ती बनवायचं सॉफ्टवेअर प्लेअरसोबतच्या छोट्या सीडीवर मिळायचं. चित्र १६० बाय १२० ठिपक्यांचं, कधी त्याहूनही लहान. मोबाइलवाल्यांना हवी थ्रीजीपी फाइल. तालुक्याच्या बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानात ‘मेमरी भरून मिळेल’ आणि ‘कॅसेटवरून सीडी करून मिळेल’ या दोन्ही सेवा एकाच काउंटरवर मिळू लागल्या.

२००९ च्या डिसेंबरपासून, हँडसेटची ओळख पटवणारा आयएमईआय क्रमांक नसलेल्या अशा स्वस्त हँडसेटचे कॉल देशभर बंद करण्यात आले. पण कॉल बंद झाला म्हणून मेमरी कार्ड बंद पडत नाही. त्या हँडसेटवर गाणी आणि व्हिडिओ पूर्वीसारखेच चालत राहिले, आणि असा फोन आपोआप निव्वळ प्लेअर झाला.

१३ जीबीचं ५० एमबी

आता खरी करामत. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांच्या हाती एके काळी पॅनासॉनिकचे आणि सोनीचे मिनीडीव्ही कॅमेरे असत. मिनीडीव्हीच्या एका तासाच्या शूटिंगला साधारण १३ जीबी जागा लागते. त्याची व्हीसीडी केली की तासाला ६२० एमबीच्या आसपास. आणि जुन्या मोबाइलसाठी थ्रीजीपी केली, चित्राला सेकंदाला १०० किलोबिट आणि आवाजाला १२.२ दिले, की तासाला फक्त ५० एमबी. मूळ ऐवजाचा अडीचशेवा भागसुद्धा नाही!

हे होतं कसं? दोन युक्त्यांनी. पहिली म्हणजे ठिपकेच कमी करायचे. आपल्याकडच्या ‘पाल’ या टीव्ही पद्धतीत डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, व्हीसीडीचं ३५२ बाय २८८, थ्रीजीपीचं बहुधा १७६ बाय १४४. दुसरी युक्ती जास्त हुशारीची. प्रत्येक चित्र पूर्ण साठवायचंच नाही. चित्राचे १६ बाय १६ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, मागच्या चित्रातला कुठला चौकोन कुठे सरकला एवढंच लिहायचं आणि उरलेला फरक नोंदवायचा. मागचा डोंगर हलत नाही, तो एकदाच साठवला की पुरे.

थ्रीजीपीच्या त्या छोट्या चित्रात असे चौकोन किती? आडवे ११, उभे ९, एकूण ९९. अख्खं वऱ्हाड, मांडव, वाजंत्री, सगळं ९९ चौकोनांत! सेकंदाला १५ चित्रं धरली, तर एका चौकोनाच्या वाट्याला सरासरी ६७ बिट येतात. त्यात २५६ ठिपक्यांचं वर्णन उरकायचं.

चौकाची रेघ कुठे गेली?

वारली लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, मधोमध पालघट देवी. चौकाशिवाय लग्न लागत नाही, आणि धवलेरी आपल्या गाण्यांनी ते लग्न लावते. शूटिंगवाला तिथे कॅमेरा नेतोच.

आता हिशेब करा. तीन मीटर रुंदीची भिंत कॅमेऱ्यात बरोबर मावली आहे. १७६ ठिपक्यांत ती वाटली, तर एका ठिपक्याला भिंतीची १.७ सेंटिमीटर रुंदी मिळते. काडीने ओढलेली रेघ त्याहून कितीतरी बारीक! मग ती रेघ आणि भोवतीचा गेरू एकाच ठिपक्यात मिसळतात आणि पडद्यावर फिकट तपकिरी डाग उरतो. व्हीसीडीत एका ठिपक्याला ०.८५ सेंटिमीटर येतं, तिथे रेघ अंधूक दिसते. मूळ डीव्हीत ०.४ सेंटिमीटरच्या आसपास येतं आणि तिथे चौक वाचता येतो, नाचणारी माणसं, झाडं, फणी, सगळं.

मोबाइलची प्रत झाली म्हणून मूळ कॅसेट टाकून दिली, तर त्या घरचा चौक गेला. भिंत पुढच्या लग्नात पुन्हा सारवली जाते, आणि तो चौक कोणत्या बायांच्या हातचा होता ते सांगायला फक्त ती कॅसेट उरलेली असते.

फोनच्या कानाला तारपा कळत नाही

ही माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

थ्रीजीपी फाइलमध्ये आवाज बहुतेक वेळा एएमआर नावाच्या पद्धतीने भरलेला असतो. ही पद्धत संगीतासाठी बनलेलीच नाही. ती बनली मोबाइलवरच्या बोलण्यासाठी. ती आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडते आणि उत्तम दर्जालासुद्धा प्रत्येक तुकड्याला अवघे २४४ बिट देते. २०० ते ३४०० हर्ट्झच्या बाहेरचं सगळं सोडून देते. आणि बचत साधते ती एका गृहीतकावर: समोर एक माणूस बोलतो आहे, एकच गळा आहे, त्या गळ्याचा एका वेळी एकच सूर आहे.

आता तारपा बघा. भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वादक श्वास न तोडता फुंकत राहतो, नळ्यांतून दोन सूर एकाच वेळी निघतात आणि त्यावर जिभाळ्यांची किणकिणती कंपनं चढतात. एक गळा शोधणाऱ्या पद्धतीला इथे दोन सापडतात, आणि वरची कंपनं तर तिच्या कक्षेतच नाहीत. त्यामुळे मोबाइलवर ऐकू येतो तो घरघरता, पाण्याखालून आल्यासारखा आवाज. तारपा बिघडलेला नसतो, वादकही चुकलेला नसतो!

जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं तारपावादन राज्याबाहेरही नावाजलं गेलं. अशा वादकांचं जुनं गावातलं शूटिंग ज्या घरांत असेल, त्यांनी त्याची थ्रीजीपी प्रत हीच एकमेव प्रत मानू नये. हे कळकळीने सांगतो.

उपाय अगदी साधा आहे. आवाज एएसी पद्धतीने, सेकंदाला १२८ किलोबिटने भरा. तासाला ५८ एमबी लागतात. होय, नुसत्या चांगल्या आवाजाला जुन्या थ्रीजीपीच्या चित्र आणि आवाज दोन्हींपेक्षा जास्त जागा लागते. पण आज कार्डात जागेला तोटा नाही.

नाचाचंही एक कोडं आहे. तारपा नाचात हातात हात गुंफलेली रांग वादकाभोवती गोल फिरते आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. चौकोन कुठे सरकला एवढंच लिहिण्याची युक्ती सरळ चालणाऱ्या वरातीला छान लागू पडते. गोल फिरणाऱ्या रांगेत मात्र प्रत्येक अंग क्षणाक्षणाला कोन बदलतं. फरक वाढतो, बिट पुरत नाहीत आणि पायांच्या जागी ठोकळे दिसू लागतात. पदन्यास शिकायचा असेल तर ती प्रत निरुपयोगी.

बोहाड्याची रात्र

मोखाड्याचा बोहाडा प्रसिद्ध. गणपती, शारदा, रावण, त्राटिका अशी मुखवट्यांची सोंगं संबळ-पिपाणीच्या ठेक्यावर रात्रभर नाचवतात. उजेड पूर्वी टेंभ्यांचा, आता दिव्यांचा, पण भोवती काळोखच.

काळोखात कॅमेरा स्वतःची संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रभर वळवळणारे दाणे येतात. हे दाणे प्रत्येक चित्रात नवे असतात. रूपांतराच्या सॉफ्टवेअरला कोण सोंग आणि कोण दाणा हे कळत नाही. त्याला फक्त ‘फरक’ दिसतो. मग बिचारे बिट दाण्यांवर खर्च होतात आणि मुखवट्याचे डोळे, ओठ, नक्षी सपाट होऊन जातात. ज्योत तर एका चित्रात उजळ आणि दुसऱ्यात मंद, म्हणजे सगळेच चौकोन बदलले. दिवसाच्या लग्नाला पुरेल तेवढ्या बिटमध्ये रात्रीचा बोहाडा कधीच बसत नाही. तेव्हा रूपांतर करून देणाऱ्याला आधीच सांगा: रात्रीचं शूटिंग आहे, बिटरेट वाढवा आणि दाणे कमी करणारा फिल्टर हलकाच लावा. जास्त लावला की मुखवट्याचा रंगच पुसला जातो.

नवरी अचानक सडपातळ

डीव्हीचे ठिपके चौरस नसतात! ७२० बाय ५७६ चं चित्र पडद्यावर ४:३ दिसायचं तर ते ७६८ बाय ५७६ इतकं ताणावं लागतं. हे न करता फाइल बनवली की माणसं सुमारे सहा टक्के बारीक दिसतात. उलट ४:३ चं शूटिंग रुंद पडद्यावर ओढून बसवलं की तीच माणसं एक तृतीयांशाने रुंद. प्रमाण एकदा तपासलं की दोन्ही टळतं.

आणि मोबाइलवर कधी कधी दिसणाऱ्या त्या आडव्या रेघा? जुना व्हिडिओ सेकंदाला २५ पूर्ण चित्रं दाखवत नाही, ५० अर्धी दाखवतो: एकदा विषम ओळी, एकदा सम. दोन अर्ध्यांच्या मधल्या क्षणात हात हललेला असतो. मोबाइलवर दोन्ही एकत्र आली की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. रूपांतर करताना ‘डीइंटरलेस’ हा पर्याय चालू केला की गेल्या!

व्हीसीडीचा सौदा

६५० एमबीच्या सीडीत ७४ मिनिटांची व्हीसीडी मावते, आणि तिच्यात प्रत्यक्षात ६५० पेक्षा जास्त एमबी भरलेले असतात. हे कसं? संगणकाच्या फाइलींच्या सीडीत चूक दुरुस्त करण्यासाठी राखलेली जास्तीची जागा व्हीसीडीने चित्रासाठी वापरून टाकली. म्हणून संगणकाची फाइल असलेल्या सीडीपेक्षा ओरखडे पडलेली व्हीसीडी आधी अडखळते.

घरात लग्नाची व्हीसीडी असेल तर संगणकात उघडून ‘एमपीईजीएव्ही’ नावाचं फोल्डर बघा. आत ‘एव्हीएसईक्यू०१.डीएटी’ अशी फाइल असते. तीच तुमची वरात. मोबाइलने ती नाकारली तरी व्हीएलसी प्लेअर ती वाजवतो.

फुकटची अवजारं, मोठी डोकी

व्हीएलसीचा नारिंगी-पांढरा शंकू सगळ्यांना माहीत आहे. हा प्लेअर निघाला पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या १९९६ च्या प्रकल्पातून. शंकू आला तो त्याच विद्यार्थ्यांनी रस्त्यावरून जमवलेल्या शंकूंवरून. २००१ पासून तो सगळ्यांसाठी खुला आहे.

त्याहून अफाट माणूस फाब्रिस बेलार. २००० साली त्याने एफएफएमपेग सुरू केलं, तेही टोपणनावाने. आज व्हिडिओ रूपांतराची असंख्य सॉफ्टवेअरं आतून त्याच्यावरच चालतात. याच बेलारने २००९ च्या अखेरीस एका साध्या संगणकावर ‘पाय’ (π) या संख्येचे जवळपास २.७ लाख कोटी अंक काढून विक्रम केला होता!

हँडब्रेक हे रूपांतराचं सॉफ्टवेअरही फुकट आहे आणि नवख्याला सोपं आहे. घरगुती व्हिडिओसाठी एच.२६४, एमपी फोर, आरएफ (दर्जाचा आकडा) १८ ते २२ च्या दरम्यान, आवाज एएसी, एवढं निवडलं तरी काम फत्ते. सेकंदाला साधारण दोन मेगाबिटने तीन तासांची कॅसेट २.७ जीबीत बसते. ६४ जीबीच्या कार्डात अशा वीसेक कॅसेटी सहज मावतात. अख्ख्या भावकीची लग्नं!

एक अडचण लक्षात ठेवा. फॅट-३२ पद्धतीच्या कार्डावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नाही. डीव्हीची मूळ फाइल तिथे जेमतेम २० मिनिटांची बसते. कार्ड एक्सफॅट केलं की प्रश्न मिटतो. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर व्हिडिओ म्हणून नको, तिथे तो पुन्हा दाबला जातो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी पोचते.

कॅसेट कोणाची?

शूटिंगवाल्याची की घरच्यांची? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम स्पष्ट आहे: मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फिल्म केली असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देऊन ती करवून घेणारा. म्हणजे तुमच्या लग्नाची फिल्म तुमची. तिची प्रत करायला कुणाची परवानगी नको. मात्र गावाचा बोहाडा किंवा कुणा वादकाचं वादन नेटवर टाकायचं असेल, तर गावाला आणि त्या कलाकाराला विचारा, त्यांचं नाव द्या. कायदा काहीही म्हणो, एवढा मान त्यांना दिलाच पाहिजे.

टेपला मुदत असते

व्हीएचएसची टेप सेकंदाला फक्त २.३४ सेंटिमीटर सरकते, गाण्यांच्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने. चित्र उमटतं ते मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या ड्रममुळे. तीन तासांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर टेप असते. जव्हार-मोखाड्याच्या पावसाळ्यात या टेपला बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका. टेप तुटते, आणि बुरशी हेडवर बसून पुढची कॅसेटही खराब करते. आधी साफ करून घ्या.

प्लेअरही संपत आले आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई या शेवटच्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. २०१९ मध्ये युनेस्कोने ध्वनी-चित्र अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसोबत ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ नावाचा इशारा जगभर दिला: टेप वाचणारी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग नाहीसे होत आहेत, घाई करा. आणि घाई करायची तरी कॅसेटची प्रत वाजण्याच्याच वेगाने होते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तास लागतातच.

माळ्यावरची पेटी उघडा. लेबलवर ‘ता. जव्हार, जि. ठाणे’ असं दिसलं, तर ती कॅसेट बहुधा १ ऑगस्ट २०१४ पूर्वीची, म्हणजे पालघर जिल्हा होण्याआधीची आहे. तिला पहिला नंबर द्या. आधी मोठी, न दाबलेली प्रत हार्ड डिस्कवर घ्या आणि तिची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. मोबाइलची छोटी प्रत त्यानंतर. फाइलच्या नावात गाव, साल, नवरा-नवरी, धवलेरी आणि तारपावाल्याचं नाव लिहा. हे सगळं मृगाचा पाऊस लागायच्या आत उरकून घ्या.